अकरा दिवस, तीन वाहनं आणि हातकामाची एक पिशवी

मार्ग असा होता: साडेपाच तासांचं विमान, नऊ तासांची रेल्वे, सहा तासांची घाटातली बस, मग समुद्रकाठच्या एकाच खोलीत मुक्काम आणि त्याच वाटेने परत. सोबत क्रोशे, फुलीच्या टाक्याचं भरतकाम, जलरंग आणि थोडे काचेचे मणी. निघताना पिशवीचं वजन १ किलो ८५० ग्रॅम होतं. परतल्यावर हिशेब लावला तर निम्मं सामान पिशवीबाहेरसुद्धा आलं नव्हतं.

चूक बांधणीत होती. लोकरीची एक पिशवी, भरतकामाची दुसरी, रंगांची तिसरी, अशी कलेप्रमाणे वाटणी केलेली. घरच्या कपाटाला हे ठीक आहे. प्रवासात मात्र आपण कुठे बसलो आहोत त्यावरच हातात काय घेता येईल ते ठरतं. त्यामुळे परतीच्या वाटेवर तेच सामान मांडीवरचं, टेबलावरचं आणि मुक्कामावरचं असं तीन भागांत बांधलं, आणि पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

विमान: तपासणी आणि मांडीवरचं काम

आधी कात्री. युरोपातल्या विमानतळांवर केबिन बॅगेत ६ सेंमीपर्यंत पात्याची कात्री चालते, अमेरिकेत ४ इंचांपर्यंत, आणि दोन्हीकडे माप खिळ्यापासून टोकापर्यंत घेतात. काही ठिकाणी टोकदार कात्री मापात असली तरी काढून घेतात, कारण शेवटचा शब्द समोरच्या अधिकाऱ्याचा. म्हणून चांगली कात्री बोथट टोकाच्या म्यानात घालून विमानतळावर जमा करायच्या मोठ्या बॅगेत टाकावी आणि केबिनमध्ये दातांच्या फ्लॉसची रिकामी डबी न्यावी. तिच्या झाकणातली पत्र्याची बारीक दातेरी पट्टी भरतकामाचा दोरा आणि बारीक सुती धागा सहज तोडते. जाड लोकरीला ती पुरत नाही. गळ्यात पदकासारखा अडकवायचा गोल दोरा-कटर निरुपद्रवी दिसतो, पण आत पातं असतं आणि अमेरिकेच्या नियमांत तो केबिनमध्ये चालत नाही. गोल पात्याचा रोटरी कटर आणि कागद कापायचा कटर हे दोन्ही मोठ्या बॅगेतच.

विणकामाच्या सुया आणि क्रोशाची सुई बहुतेक ठिकाणी चालतात. तरीही तपासणीच्या आधी विणकामाच्या सगळ्या टाक्यांमधून एक वेगळा गुळगुळीत दोरा ओवून ठेवावा. सुया गेल्याच तर टाके त्या दोऱ्यावर तरी राहतात. क्रोशाला इतकी कसरत लागत नाही, शेवटच्या एका फासात सेफ्टी पिन अडकवली की झालं. विमानासाठी क्रोशे बरं, त्याचं हे एक मोठं कारण.

पातळ वस्तूंचं गणित दोन पदरी आहे. केबिनमध्ये १०० मिलिपर्यंतच्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम बहुतेकांना पाठ असतो, आणि काही विमानतळांनी तो अलीकडे सैल केला असला तरी परतीचा विमानतळ कोणता हे बघूनच भरावं. दुसरा पदर हवेच्या दाबाचा. उडत्या विमानात केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या डोंगरासारखा असतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास. बाटलीत कोंडलेली हवा त्यामुळे जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते आणि समोर जे असेल ते बाहेर ढकलते. म्हणून गळते ती अर्धी भरलेली बाटली. काठोकाठ भरलेली सहसा गळत नाही. मऊ बाटली असेल तर दाबून हवा काढून मग झाकण लावावं, कडक असेल तर तोंडावर चिकटफिल्मचा तुकडा ठेवून वर झाकण पिळावं. पाण्याचा ब्रश, म्हणजे ज्याच्या दांड्यातच पाणी भरतात तो, रिकामा न्यायचा. शाईचं पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि टोक वर.

टर्पेंटाईन, स्प्रेचा गोंद, चित्रावर मारायचा फिक्सेटिव्हचा फवारा आणि रबर सोल्यूशन हे पेट घेणारे पदार्थ केबिनमध्येही चालत नाहीत आणि मोठ्या बॅगेतही नाहीत. लहान बाटली, सीलबंद बाटली असल्या सबबींचा उपयोग होत नाही. पॉलिमर क्ले (भाजल्यावर कडक होणारी कृत्रिम माती) न्यायची असेल तर कंपनीच्या वेष्टनातच न्यावी, कारण एक्स-रेमध्ये तो एक दाट, संशयास्पद गोळा दिसतो आणि बॅग हमखास उघडली जाते. कडक, ठिसूळ पारदर्शक डबीत तर ती ठेवूच नये. तो पॉलिस्टायरीन असतो आणि क्लेमधला मऊ ठेवणारा पदार्थ त्याला चिकट करून विरघळवतो. तळाशी ५ आकडा असलेली पॉलिप्रॉपिलीनची डबी चालते.

प्रत्यक्ष आसनावर काय जमलं? ३.५ मिमीची क्रोशाची सुई, ५० ग्रॅमचा सुती गुंडा, आणि नुसत्या खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या साध्या उभ्या टाक्यांच्या, ओळी. आकृती बघावी लागते असं काहीही नाही. गुंडा झिपलॉक पिशवीत ठेवून तिच्या एका कोपऱ्याला सेंटीमीटरभर छिद्र पाडायचं आणि छिद्राच्या कडेला चिकटपट्टी लावायची, नाहीतर कापलेलं प्लॅस्टिक धाग्याचे पदर उसवतं. धागा गुंड्याच्या आतून निघणारा हवा. बाहेरून निघणारा गुंडा फिरतो, फिरता फिरता मांडीवरून उडी मारतो आणि तीन रांगा पुढे जाऊन थांबतो. सरावलेल्या हाताला ५० ग्रॅम चार-पाच तास पुरतात, म्हणून अशा प्रवासाला दोन गुंडे भरपूर. पाच नेले होते. रंग फिकट निवडावा, कारण केबिनमधले दिवे मंद केल्यावर काळ्या किंवा गडद निळ्या धाग्यातला फास दिसत नाही आणि सुई पदर फाडून मधूनच जाते.

रेल्वे: टेबल मिळालं तर

घडीच्या टेबलावर साधारण ४० बाय २५ सेंमी जागा मिळते. भरतकामाला ती पुरते, जलरंगाला नाही. पाण्याची वाटी आणि डबा हलणं यांचं जमत नाही.

कापड ताणून धरायची रिंग ४ किंवा ५ इंचांची घ्यावी. ८ इंचांची रिंग शेजाऱ्याच्या कोपराला लागते. कापड १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ चौकोनांचं, सुई बोथट टोकाची २४ नंबर. चालत्या गाडीत सुईत दोरा ओवणं हा वेळेचा सगळ्यात मोठा खड्डा, म्हणून निघण्याआधीच दहा सुया ओवून फेल्टच्या पट्टीवर ओळीने टोचून ठेवाव्यात आणि प्रत्येकीखाली पेनाने रंगाचा नंबर लिहावा. दोन पदरी काम असेल तर ९० सेंमीचा एकच पदर मधोमध दुमडून दोन्ही टोकं सुईत घालायची. मागे राहिलेल्या फासातून पहिल्या अर्ध्या फुलीला सुई काढली की गाठ न मारता दोरा अडकतो. नंबर लिहायचा कंटाळा करू नये. पिवळट दिव्याखाली गडद निळा, काळा आणि गडद हिरवा एकसारखे दिसतात, आणि चूक दुसऱ्या दिवशी उन्हात कळते.

दोरा किती न्यायचा याचं गणित एकदा मांडून ठेवलं की जन्मभर उपयोगी पडतं. १४ काउंटच्या कापडावर एक चौकोन सुमारे १.८ मिमीचा. एका फुलीला पुढून दोन तिरपे आणि मागून दोन सरळ टप्पे मिळून जवळपास ९ मिमी दोरा जातो. ८ मीटरच्या सहापदरी लडीचे दोन-दोन पदर वेगळे केले तर २४ मीटर दोरा मिळतो, म्हणजे कागदावर २,६०० फुल्या. सुरुवात, शेवट, सुईत उरणारी शेपटी आणि उसवणं यांत त्यातला एक तृतीयांश जातो, म्हणून १,८०० धरायच्या. नऊ तासांच्या रेल्वेत खाणं, झोप आणि खिडकी वजा जाता चार-पाच तास काम होतं आणि तासाला शंभरेक फुल्या पडतात. म्हणजे सगळे रंग मिळून एका लडीचा तिसरा हिस्साही संपत नाही! या पिशवीत चौदा लड्या होत्या. सहा रंग, प्रत्येकी २ मीटर, पुठ्ठ्याच्या चकत्यांवर गुंडाळलेले, इतक्यात साधारण २,७०० फुल्या होतात आणि अकरा दिवस निघतात. शिवाय पूर्ण लड्यांचा जो गुंता होतो तोही टळतो.

घाटातली बस

काही करू नका. डोळे हातावर स्थिर आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग वळणं मोजतोय, या भांडणातूनच मळमळ सुरू होते. सुया तर नकोतच, एका खड्ड्याचं काम आहे. न बघता जमतील तेवढ्या साखळ्या घालायच्या असतील तर घालाव्यात, आणि त्याही सपाट रस्त्यावर.

बसचा खरा धोका टपावरच्या किंवा डिकीतल्या सामानाला. उन्हात तिथे इतकं तापतं की गोंदाची कांडी मऊ होऊन टोपणात लोळा होते, आणि थंड झाली तरी पूर्वीसारखी घट्ट बसत नाही. तिच्याऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी न्यावी. मणी याच टप्प्यावर सांडले. डबी चौदा खणांची, एका झाकणाची. अशा डब्यांचं झाकण खणांच्या भिंतींना टेकत नाही, केसभर फट राहते आणि हादऱ्यांनी बारीक मणी एका खणातून दुसऱ्यात सरकतात. ११ नंबरचे काचेचे मणी ग्रॅमला शंभराहून जास्त बसतात, त्यामुळे १० ग्रॅमची सरमिसळ निवडायला एक अख्खी संध्याकाळ जाते. मणी न्यायचेच असतील तर प्रत्येक रंगाला स्वतंत्र टोपणाची लहान नळी, आणि नळीत मोकळी जागा उरली तर वरून कापसाचा बोळा. पण पहिल्या प्रवासात ते घरीच राहिलेले बरे.

मुक्काम: जलरंगाची जागा

रंग ट्यूबमधून नेण्यापेक्षा अर्ध्या आकाराच्या वड्यांच्या खाचांत (हाफ पॅनमध्ये) भरून न्यावेत. एका खाचेत जेमतेम २ मिलि रंग मावतो. तो एका दमात भरला की वरची साय आधी सुकते, मधे खड्डा पडतो, चिरा जातात आणि हादऱ्याने अख्खी वडी निखळते. तीन थरांत भरायचा, प्रत्येक थर किमान एक दिवस सुकवायचा. म्हणजे निघण्याच्या आठवडाभर आधी सुरुवात. मध घातलेले काही रंग पूर्ण सुकतच नाहीत, ते आडवेच ठेवावे लागतात. आठ रंग पुरतात: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे (प्रत्येक जोडीत एक उबदार, एक थंड), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी). हिरवा मिसळून होतो.

कागद दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा, ए-५ आकार. एक पान ९ ग्रॅमच्या थोडं वर भरतं, म्हणजे वीस पानं १८५ ग्रॅमच्या आसपास. मोठं पॅड नेण्याचा मोह वजनकाट्यावर ठेवून बघावा. समुद्रकाठच्या दमट हवेत कागद आधीच ओलावा पितो, रंग सावकाश वाळतो आणि पान वाकतं. पॅड झिपलॉक पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. रंगांची डबी ओली असताना मिटू नये, रात्रभर उघडी ठेवावी. दोन-तीन दिवस ओलीच मिटून राहिली की वड्यांवर पांढरी बुरशी येते. ब्रशही ओला असताना प्लॅस्टिकच्या टोपणात घालू नये, केस मुळाशी कुजतात. वाळल्यावर सुरळीच्या चटईत गुंडाळायचा. केसांचं टोक वाकलंच तर साबणाचा फेस लावून बोटांनी टोक काढायचं, तसंच सुकू द्यायचं आणि वापरण्याआधी धुवायचं. बहुतेक वेळा ते सरळ होतं.

खोलीतला दिवा भरतकामाला कधीच पुरत नाही. गळ्यात अडकवायचा बॅटरीचा दिवा आणि एक पॉवर बँक एवढं न्यावं. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॅट-तास, विमानांच्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेत बसते. ती केबिन बॅगेतच, मोठ्या बॅगेत टाकायला बंदी आहे.

परतीची बांधणी

भरतकाम रिंगेतून काढूनच बांधावं. दोन दिवस ताणून राहिलेल्या कापडावर गोल वळ पडतो आणि त्यात बसलेला मळ धुऊनही जात नाही. सुई कापडात टोचून ठेवू नये, खाऱ्या हवेत ती गंजते आणि गंजाचा ठिपका कायमचा राहतो. रंगवलेली पानं पूर्ण वाळल्यावर प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर घालून पुठ्ठ्यांमध्ये बांधावीत.

किनाऱ्यावर वेचलेले शिंपले, बिया, पिसं, वाळलेलं गवत हे कलेचं साहित्य म्हणून पिशवीत घालण्याआधी उतरायच्या देशाचे नियम वाचावेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारखे देश याबाबत फार कडक आहेत. लिहून दिलेली वस्तू फार तर जप्त होते, लपवलेल्या वस्तूला दंड पडतो. पोवळं नेऊच नये, त्याच्या कित्येक जातींना आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना लागतो.

असं बांधल्यावर परतीच्या पिशवीतला वापरायचा भाग ९०० ग्रॅमच्या आत बसला, उरलेलं मोठ्या बॅगेच्या तळाशी गेलं. खोली सोडण्याआधी सुया मोजाव्यात. दहा ओवलेल्या, दोन सुट्या, म्हणजे बारा. आकडा जुळला नाही तर बोटाएवढा चुंबक पातळ कापडात गुंडाळून चादरीवरून, उशीच्या शिवणीवरून आणि खुर्चीच्या फटीतून फिरवावा. अनवाणी शोधू नये.