मानधनाचा रकाना

मी एका संस्थेसाठी पैसे मागण्याचं काम करते. नातेवाईक "ती वर्गणी गोळा करते" असं सांगतात, आणि मीही आता ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, गरिबीचं काळजाला हात घालणारं वर्णन लिहिलं की चेक येतो. वर्णन फार पुढे वाचलं जातं, वाचलं गेलंच तर. आधी लागतात कागद: आयकर सवलतीसाठीची 12एबी आणि 80जी, कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी (सीएसआर) घेण्यासाठी सीएसआर-1 ची नोंदणी, सरकारच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ताळेबंद आणि शेड्यूल-1 वरची, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली, विश्वस्तांची नावं. एखादे विश्वस्त वारलेले असले आणि विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात पडून असला, की संपलंच. आमच्या एका दिवंगत विश्वस्तांबद्दल मी जेवढे ईमेल लिहिले तेवढे हयात विश्वस्तांबद्दल लिहिलेले नाहीत.

आमचं काम बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात, ऊसतोड मजुरांच्या मुलांसोबत. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मूल बरोबर गेलं की शाळा सुटते. मुलगी असेल तर आधी फडावर (उसाच्या शेतात) धाकट्याला सांभाळायचं, जरा उंची वाढली की मोळ्या बांधायच्या. मूल गावात आजी-आजोबांकडे राहावं म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जे जातंच, त्याला तिकडच्या शाळेत घेतलं जावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. कागदावर सगळं चोख. पण आजी अंथरुणाला खिळली की पोरगं रात्रीच्या ट्रॅक्टरने कारखान्यावर पोचलेलं असतं, आणि शाळेला ते कळतं तीन-चार दिवसांनी.

आमच्या ताईंना, म्हणजे गावातल्या आमच्या कार्यकर्तीला, ते आधीच कळतं. कसं, ते त्यांच्या वहीत दिसतं. लांबडी, पुठ्ठ्याची वही, रकाने पट्टीने स्वतः आखलेले. मुलाचं नाव, इयत्ता, मागे कुणाजवळ राहिलं, त्यांचा फोन, शेजाऱ्याचाही फोन (आजीचा रिचार्ज संपलेला असतो), मुकादम कोण, कारखाना कुठला, सध्या टोळी कुठल्या शिवारात उतरली आहे. शेवटच्या रकान्याला मथळाच नाही. त्यात असतं: 'आजीचा मोतीबिंदू, ऑपरेशन संक्रांतीनंतर', 'चुलती कुरकुर करती', 'बापानं मधीच आणखी पैसे उचलले'. कुठलं मूल हलणार हे ताई यावरून ओळखतात. मग चुलतीशी बोलणं, मुख्याध्यापकांना गाठणं, फडावर मुकादमामार्फत बापाला फोन लावणं. कन्सल्टंट लोकांनी बनवलेल्या महागड्या माहिती-प्रणाली मी पाहिल्या आहेत. हा शेवटचा रकाना एकीतही नव्हता.

या कामाला यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. माणूस लागतो. म्हणून एका कंपनीला दिलेल्या प्रस्तावात निम्म्याहून जास्त रक्कम अशा पाच ताईंच्या मानधनाची होती, आणि ती मी मानधन म्हणूनच दाखवली. आमच्या धंद्यात पगार 'प्रशिक्षण' किंवा 'समुदाय संपर्क' या नावाखाली लपवायची रीत आहे. लपवणाऱ्यांना मी दोष देत नाही. कंपनीकडून लगेच फोन आला, "पाच टक्क्यांच्या वर पगार चालत नाहीत, कायदा आहे." असा कायदा नाही. 2021 च्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःच्या सीएसआरच्या कारभारावर करायच्या खर्चाला, आणि प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात धरायचा नाही हे व्याख्येतच लिहिलंय. मी नियमाचं पान जोडून पाठवलं. हे पान मला आता पाठ आहे, आणि ज्यांनी ते पाठ करायला हवं त्यांची दर दोन वर्षांनी दुसऱ्या विभागात बदली होते.

तर गेल्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीच्या लोकांची भेट ठरली. एक मॅडम आणि त्यांच्याबरोबर मूल्यमापनवाला तरुण. मॅडम चांगल्या होत्या. शाळेत खुर्ची नाकारून सतरंजीवर बसल्या. आमच्या सरांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, संस्थेचा इतिहास सांगितला, नेहमीइतकाच लांब. मग मॅडमनी वही मागून घेतली आणि पानं उलटत राहिल्या. शेवटचा रकाना त्यांनी बोट ठेवून वाचला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ताई, समजा आमचा निधी नाही मिळाला, तर हे काम बंद होईल का?"

ताईंनी विचारसुद्धा केला नाही. "बंद कशानं पडंल मॅडम? फोन माझाच हाय, वही माझीच हाय. लेकरं काय निधीची वाट बघत थांबतेत का?"

सरांचा चेहरा अभिमानाने फुलला. मूल्यमापनवाला टाईप करू लागला. त्याने काय टाईप केलं असेल ते मला न बघता वाचता येत होतं. पुढे पिठलं-भाकरी झाली, ठेच्याचं कौतुक झालं, आणि गाडीत बसताना मॅडम मला म्हणाल्या, "इतकं सस्टेनेबल मॉडेल मी फार कमी ठिकाणी पाहिलंय." त्या मनापासून बोलत होत्या, पंचाईत हीच.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मेल आला. मंजूर: टॅबलेट, स्मार्ट टीव्ही, चार्जिंगचं कपाट, दर्शनी भागात लावायचा फलक. मानधन: शून्य. कारण: 'आपल्या प्रस्तावातील शाश्वततेच्या विभागात नमूद केल्यानुसार निधी संपल्यावरही स्थानिक सहभागातून काम सुरू राहणार आहे. प्रत्यक्ष भेटीत याची खात्री पटली.'

तो विभाग मीच लिहिला होता. सगळेच लिहितात. पैसे संपल्यावर काम कसं चालेल, हा प्रश्न प्रत्येक अर्जात असतो, आणि 'चालणार नाही' असं लिहिणाऱ्याचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो. चालेल म्हणा, तर मग पैसे कशाला हवेत? गिऱ्हाइकांनी पैसे देणं थांबवलं तरी माल काढत राहाल का, हे त्या कंपनीला कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

पैसे घ्यावेत का यावर आमच्यात भांडण झालं. माझं म्हणणं, परत पाठवू. खजिनदार, जे एरवी माझ्या प्रवासबिलात चहाचे वीस रुपये शोधतात, ते अनपेक्षितपणे माझ्या बाजूने उभे राहिले. सर म्हणाले, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. कंपनीला घाई होतीच. पूर्वी सीएसआरचे, म्हणजे नफ्याचे, दोन टक्के खर्च झाले नाहीत तर अहवालात कारण लिहून भागायचं. जानेवारी 2021 पासून उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात तरी टाकावी लागते, नाहीतर सरकारी निधीत. म्हणून मार्चअखेरीस जे बिलावर दाखवता येतं ते आधी विकत घेतलं जातं. पैसे 30 तारखेला जमा झाले. टॅबलेटवर कंपनीचे स्टिकर ताईंनीच चिकटवले.

ताईंचं मानधन दिवाळीपर्यंत किरकोळ देणग्यांतून ओढलं, पुढे निम्मं केलं. किरकोळ देणगीदारही काही कमी नाहीत. महिना पाचशे रुपये देणारे आधी विचारतात, "पगारात नाही ना जाणार?" हे विचारणाऱ्यांत स्वतः पगारवाढ मिळाली नाही म्हणून नोकरी सोडलेले गृहस्थही आहेत.

पुण्यातल्या एका सहकारी मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "भेटीआधी फील्डच्या माणसाला तयार करायचं असतं. बेसिक आहे." असेल. पण तयार करून काय म्हणायला लावायचं? पैसे नसतील तर मी पोरगं जाऊ देईन, असं? ताईंना फोनवर विचारलं, त्या दिवशी तसं का म्हणालात. त्या म्हणाल्या, "मग काय म्हनायचं व्हतं? खोटं बोलू व्हय?" त्या खोटं बोललेल्या नव्हत्या. निम्म्या मानधनावर या हंगामातही वही पूर्ण भरलेली आहे. माझ्या बाजूने युक्तिवाद करायला बसले की नेमकी ही वहीच आडवी येते.

परवा दुसऱ्या एका ट्रस्टचा अर्ज भरला. तोच प्रश्न, दीडशे शब्दांची मर्यादा. लिहिलं: 'निधी मिळाला नाही तरी काम चालेल. ते कार्यकर्तीच्या घरखर्चातून चालेल. तो खर्च पुढीलप्रमाणे.' आकडे ताईंकडून घेतले: रिचार्ज, दिराच्या मोटारसायकलीचं पेट्रोल, शाळेत बैठक असली की बुडणारी खुरपणीची मजुरी. "हे बी लिहितेत व्हय अर्जात?" त्यांनी विचारलं, आणि मजुरीचा आकडा कमी करून सांगितला. मी गावातला चालू दर दुसरीकडून काढून तो टाकला.

सर वाचून म्हणाले, "जरा उद्धट वाटतंय." खोडलं मात्र नाही. निकाल जूनमध्ये आहे.