220 वजा 43

खरं कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच कौतुक करायला नको. फिटनेसचा वर्ग मी पार्किंगसाठी घेतला.

बातमीलेखनाचा वर्ग मंगळवार-गुरुवारी साडेनऊला, आणि आमच्या कॉलेजचं पार्किंग नऊलाच भरलेलं. पहिल्या आठवड्यात दोन्ही दिवस गाडी घेऊन गोल गोल फिरले आणि दोन्ही दिवस घामाघूम होऊन वर्गात उशिरा शिरले. काउन्सेलरकडे रडगाणं गायले, तर ती स्क्रीनवरची यादी खाली सरकवत म्हणाली, "आठ वाजता एक युनिटचा फिटनेसचा वर्ग आहे, जागा आहे त्यात. आठला पार्किंगच पार्किंग." मी तिथल्या तिथे नाव घातलं. घाम यायचाच आहे, तर निदान त्याचे मार्क तरी मिळू देत.

युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप, एका युनिटचे 46 डॉलर. कॅलिफोर्नियात अशी 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि राज्याच्या रहिवाशांना 2012 पासून हाच दर आहे. बाहेरच्यांना कित्येक पट जास्त. मी एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर आले, तेव्हा रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस थांबावं लागलं. तो वरचा एक दिवस मला का कोण जाणे फार झोंबला. बातमीलेखनाचे तीन युनिट आणि हा एक, असे सगळे मिळून 184 डॉलर भरले.

"कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्या आयटीआयसारखं का गं?" मावशीने फोनवर विचारलं. थोडंसं तसंच, मावशी. शेजारच्या इमारतीत वेल्डिंग शिकवतात आणि त्याच्यापलीकडे नर्सिंग. पण इथे दोन वर्षं काढून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. प्रवेशाला बारावीचे मार्क कुणी विचारले नाहीत, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मला हे भलतंच सोयीचं पडलं.

बातमीलेखनाचे सर आयुष्यभर वर्तमानपत्रात राबलेले. त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची असते, पण माझी जीभ काही केल्या वळत नाही, मी 'प्रोफेसर'वरच अडकले आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन गोष्टी लिहिल्या. एक, बातमीत कुणाचंही नाव चुकलं तर पूर्ण बातमीला एफ, म्हणजे नापास. बाकी कितीही छान लिहिलेलं असो. दुसरी, शिकागोच्या सिटी न्यूज ब्यूरो या वृत्तसंस्थेची जुनी म्हण: आई म्हणते तिचं तुझ्यावर प्रेम आहे? तपासून बघ.

वर्ग हसला. मी विचारात पडले, कारण माझी आई असलं काही कधी म्हणालेलीच नाही. ती "जेवलीस का?" विचारते. म्हणजे तपासायला विधानच नाही, नुसता प्रश्न.

त्यानंतरचे माझे दोन महिने सरांच्या लाल शाईत गेले. मला साधी गोष्ट जमत नव्हती: मुद्दा आधी सांगणं. आमच्याकडे कुणी फोन केला तरी हवापाणी, तब्येत, मुलांचं शिक्षण हे सगळं झाल्यावर "बरं, फोन अशासाठी केला होता" येतं. मी बातम्याही तशाच लिहीत होते. कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीला आम्हाला पाठवलं होतं. तीन तास बसले. आठ पानी टिपणं काढली. बातमीची सुरुवात केली सभागृहातल्या गार एसीपासून. सरांनी पहिले चार परिच्छेद एका तिरक्या रेघेने उडवले, पाचव्याभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, "बातमी इथे सुरू होते." पाचव्या परिच्छेदात फीविषयीचं मतदान होतं.

त्या बैठकीला आम्ही बसू शकलो तोही बातमीदाराचाच प्रताप. 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या मायकेल हॅरिस यांनी लेखमालाच लिहिली होती की गावोगावची मंडळं दारं लावून निर्णय घेतात. त्यातून 1953 मध्ये ब्राउन कायदा आला. आता नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते आणि कुणीही जाऊन ऐकू शकतं. एसी मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

तर हे साडेनऊचं. आठ वाजताचं जग वेगळंच होतं.

तिथे आमची पंचवीस जणांची वरात. निम्मे एकोणीस-वीस वर्षांचे, हेडफोन लावून झोपेत चालणारे. बाकी माझ्यासारखे, आणि एक एकाहत्तर वर्षांचे निवृत्त आजोबा, जे आमच्यात सगळ्यात वक्तशीर. व्यायामाचा एकच वर्ग ते पूर्वी पुन्हा पुन्हा घ्यायचे, पण 2013 पासून नियम बदलला. तोच व्यायामाचा वर्ग परत घेता येत नाही, एकसारख्या व्यायामांच्या एका गटातले जास्तीत जास्त चार वर्ग घेता येतात. आजोबा तेव्हापासून चिडलेले आहेत. "मला काय चार सेमिस्टरमध्ये फिट करून सोडून देणार का?" हे ते दर आठवड्याला कुणाला तरी ऐकवतात.

पहिल्या दिवशी कूपर चाचणी. बारा मिनिटांत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरने 1968 मध्ये ही चाचणी मांडली, सैनिकांसाठी. मी सैनिक नव्हे हे दुसऱ्याच फेरीत सिद्ध झालं. 400 मीटरच्या ट्रॅकवर तीन फेऱ्यासुद्धा पुऱ्या झाल्या नाहीत, 1120 मीटर. आजोबा माझ्या पुढे होते.

मग नाडी. मनगटावर दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. दहा सेकंद मोजायचं आणि सहाने गुणायचं. यात एक ठोका इकडेतिकडे झाला की मिनिटामागे सहाचा फरक पडतो, म्हणून मी दर वेळी दोनदा मोजायची आणि दोनदा वेगळं उत्तर यायचं. कोचने भिंतीवर तक्ता लावला होता: 220 वजा वय म्हणजे हृदयाचा कमाल वेग. माझे 177. त्याचे सत्तर टक्के, म्हणजे 124 च्या आसपास राहायचं.

आता, मागच्याच वर्गात सरांनी आमच्या सगळ्या बातम्या एकाच शेऱ्यासह परत दिल्या होत्या: "हे कुणी सांगितलं?" माझ्या कागदावर तो शेरा सहा वेळा होता. त्यामुळे तक्त्यासमोर उभी असताना तोंडून निघूनच गेलं. "220 हे कुणी सांगितलं?"

कोच थांबली. म्हणाली, "मला माझ्या कोचने." आणि मग हसून, "शोध की. तू त्या पेपरवाल्यांच्या वर्गात आहेस ना?"

लायब्ररीत दोन दुपारी गेल्या. जे सापडलं ते वाचून मी एकटीच हसत बसले. 1970 च्या सुमारास सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे दोन संशोधक एका बैठकीसाठी विमानाने चालले होते. हॅस्केल यांच्याजवळ दहाएक प्रकाशित अभ्यासांतले आकडे होते, आलेखावर ठिपके मांडलेले. दोघांनी त्यातून एक रेघ ओढली: विसाव्या वर्षी 200 धरा आणि दर वर्षी एक कमी करा, साधारण जमतंय. झालं. त्या ठिपक्यांमधली माणसं बहुतेक पंचावन्नच्या आतली, काही सिगारेट ओढणारी, काही हृदयरोगी. तिथून तो आकडा तक्त्यांवर गेला, ट्रेडमिलवर गेला, घड्याळांत गेला. 2001 मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी 351 अभ्यास आणि 18,712 माणसं धरून नवं सूत्र काढलं: 208 वजा वयाचे सात दशांश.

मी विजयी मुद्रेने माझं नवं उत्तर काढलं. 178.

एका ठोक्याचा फरक! चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रं 180 वरच येतात आणि मी त्याच्या अगदी शेजारी राहते. दोन दुपारी घालवून मी स्वतःसाठी एक ठोका मिळवला होता. माझी नाडी मोजण्यातली चूकच सहाची. शिवाय सरासरी कुठल्याही सूत्राने काढा, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

बातमी बुडाली असं वाटत असतानाच आजोबा आठवले. एकाहत्तर. जुन्या सूत्राने 149, नव्याने 158. ट्रॅकवर गाठून त्यांना आकडे दाखवले. ते चष्मा वर करून कागद बघत राहिले आणि म्हणाले, "नऊ ठोके! आणि मी इतकी वर्षं घड्याळ बोंबललं की हळू होतोय." मला पहिलं वाक्य मिळालं. या वेळी एसीपासून सुरुवात केली नाही.

कॉलेजच्या पेपरात बातमी आली, नावासकट. मी ती घरच्या ग्रुपवर टाकली. दीराने अंगठा दिला आणि त्याखालीच आपल्या 10,000 पावलांचा फोटो टाकला. तो आकडाही 1965 च्या एका जपानी पेडोमीटरच्या नावातून आलाय हे मी लिहिलं आणि मग पुसलं. प्रत्येक ठिकाणी बातमीदारी करायची नसते.

गुरुवारी सरांनी तीच बातमी तपासून परत दिली. वर लाल एफ.

कोचचं नाव चुकलं होतं. तिच्या आडनावात वाय आहे, मी आय लिहिला होता. मुलाखतीत विचारलंच नव्हतं. इतकं साधं नाव, त्यात काय विचारायचं, असं वाटलं होतं. आणि हे मी! ज्योत्स्ना नावाची बाई, जिला बँकेपासून दवाखान्यापर्यंत आजवर कुणी एकदाही नीट लिहिलेलं नाही, जी रांगेत कॉफीसाठी स्वतःचं नाव 'जो' सांगते. सर एवढंच म्हणाले, "दुरुस्ती तू लिही." दुरुस्ती दोन ओळींची होती. त्या दोन ओळींना मला चाळीस मिनिटं लागली, कारण सारखं वाटत होतं की मध्ये कुठेतरी माझी बाजू बसवता येईल. बसत नव्हती.

माफी मागायला मी आठच्या आधीच गेले. कोचने हात उडवला. "अगं, माझ्या आईचं पत्रही कधी कधी असंच येतं." आणि हजेरीचा बोर्ड माझ्यापुढे धरून म्हणाली, "तूही कधी बोलली नाहीस." यादीत माझ्या नावाची इंग्रजीत सेमिस्टरभर सहाच अक्षरं होती. त्यातला टी नव्हता. ती प्रत्येक वर्गात तेच नाव पुकारत होती आणि मी प्रत्येक वर्गात हात वर करत होते.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा कूपर. 1460 मीटर, शेवटची फेरी बरीचशी धावत. आजोबा या वेळीही पुढेच, घड्याळ घरी ठेवून आलेले. रेषेपाशी वाकून मी नाडी मोजायला बोटं ठेवली, पण धापेपुढे आकडे लागेनात. कोचने बोर्गचा तक्ता पुढे केला, तो स्वीडिश माणसाचा, 6 पासून 20 पर्यंतचा. किती दमलीस ते स्वतःच सांगायचं आणि अंदाजे दहाने गुणायचं. सहापासून सुरुवात का, तर निवांत बसलेलं हृदय साठेक ठोके देतं म्हणून.

"सतरा," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?" कोचने पेन उघडून विचारलं.

"मीच."

"नावाचं स्पेलिंग?"

मी गुडघ्यांवर हात ठेवूनच सांगितलं. जे, वाय, ओ, टी. टीपाशी ती थांबली, मधल्या जागेत बारीकसा टी घुसवला आणि म्हणाली, "पुढे?"