वेट माउंटच्या नोंदी: थेंबाचं माप

कांद्याचा पापुद्रा, शेवाळाचे तंतू, यीस्ट आणि तळ्याचं पाणी, या चारही नमुन्यांच्या वेट माउंट स्लाइड (मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी काचेवर पाण्याच्या थेंबात नमुना ठेवून वरून कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवलेल्या) आता हव्या तशा येऊ लागल्या आहेत. बिघडलेल्या स्लाइडची कारणं शोधत गेलं की बहुतेक वेळा एकच सापडतं: पाणी जास्त झालेलं असतं. म्हणून ही नोंद मुख्यतः थेंबाबद्दल आहे.

साध्या ड्रॉपरचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटर भरतो, म्हणजे १ मिलिलिटरला २० थेंब. २२ × २२ मिमी कव्हरस्लिपचं क्षेत्रफळ ४८४ चौरस मिमी. हे पाणी तिच्याखाली सारखं पसरलं तर थराची जाडी होते सुमारे १०३ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ४० एक्स (४० पट), ०.६५ एनए (न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर, लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे नमुन्याजवळच्या लेन्सला, एका वेळी जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा थर स्पष्ट दिसतो. १०३ मायक्रॉनच्या थरात पोहणारा जीव मग सतत फोकसबाहेर जातो. शिवाय कव्हरस्लिप पाण्यावर तरंगते, स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) हलवली की सरकते आणि कडेचं पाणी वर चढून लेन्सला लागतं.

त्याच कव्हरस्लिपखाली २० मायक्रोलिटर घेतले तर थर ४१ मायक्रॉनचा होतो, १० घेतले तर २१ चा. १८ × १८ मिमीच्या कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटरचा थर ३१ मायक्रॉन. एवढं कोष्टक टेबलाशी लावून ठेवलं तरी पुष्कळ.

मायक्रोपिपेट नसेल तर इन्सुलिनची सिरिंज उत्तम. यू-१०० सिरिंजवर १ युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. यू-४० वर मात्र १ युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर, म्हणून सिरिंजवर काय छापलंय ते आधी बघावं. थेंब सुईच्या टोकाला लटकतो. तो काचेला हलकेच टेकवला की पूर्ण उतरतो. बारीक सुईतून मोठे जीव आणि तंतू जात नाहीत, त्यांच्यासाठी रुंद तोंडाचा ड्रॉपरच वापरावा आणि जास्तीचं पाणी नंतर टिपकागदाने कडेवरून ओढून घ्यावं.

आता नमुन्याप्रमाणे. यीस्टला २२ मिमीच्या कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटर पुरतात, पेशी जवळजवळ एकाच पातळीत बसतात. पॅरामेशियमसाठी (तळ्याच्या पाण्यातला एकपेशीय जीव) २० च्या खाली जाऊ नये. पातळ थरात तो दबतो, पसरट होतो आणि थोड्या वेळात फुटतो. अशा जिवावरून आकाराची किंवा हालचालीची नोंद करण्यात अर्थ नाही. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचा मोहरीपेक्षा लहान ठिपका लावला तर जागा राहते, आणि कोपरे हलके दाबत उंची हवी तशी कमी करता येते. कांद्याचं उलटं आहे. पापुद्र्यालाच जाडी असल्याने कव्हरस्लिप त्यावर टेकते, पाणी कमी पडलं तर भोवताली हवा शिरते. तिथे ४० ते ५० मायक्रोलिटर हवेतच.

पापुद्रा पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यावा, ५ मिमी चौकोन पुरे. कोरड्या स्लाइडवर ठेवून वरून पाणी घातलं तर खाली हवा अडकते आणि कडा वळतात. तो बशीतल्या पाण्यात तरंगू द्यावा, स्लाइड तिरकी खाली घालून वर उचलावी, म्हणजे सुरकुती पडत नाही. मॉसचं पान किंवा पीस अशा हवा धरून ठेवणाऱ्या वस्तू आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून मग पाण्यात घ्याव्यात.

कव्हरस्लिप ४५ अंशांत धरून तिची एक कड थेंबाला टेकवावी, पाणी त्या कडेने पूर्ण पसरू द्यावं, मगच सुईच्या आधाराने खाली न्यावी. घाई केली की बुडबुडे आलेच. नवी कव्हरस्लिपही अल्कोहोलने पुसून घ्यावी. तेलकट काचेवर पाणी सलग पसरत नाही. बुडबुडा ओळखणं सोपं आहे: जाड काळी कड, मध्ये चकाकी. तेलाचा थेंब आणि बुडबुडा यांत गोंधळ झाला तर डायफ्रॅम (खालून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटून ऑब्जेक्टिव्ह नमुन्यापासून किंचित दूर न्यावी. कडेची उजळ रेषा आत सरकली तर तेल, बाहेर सरकली तर हवा.

रंग देताना कव्हरस्लिप उचलू नये. एका कडेला रंगाचा थेंब ठेवून समोरच्या कडेला टिपकागद टेकवला की तो खालून ओढला जातो. प्रवाह जोरात असेल तर सुटे जीव वाहून जातात, तंतू जागेवर राहतात. आयोडीनचं द्रावण: १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १०० मिली पाणी. आयोडाइड थोड्या पाण्यात आधी विरघळवावं, नाहीतर आयोडीन तळाशी तसंच राहतं. कांद्याच्या पेशी निळ्या झाल्या नाहीत म्हणून रंगाला दोष देऊ नये. कांदा स्टार्च साठवत नाही, तिथे केंद्रक पिवळट तपकिरी होणं हेच अपेक्षित आहे. यीस्टला ०.०१ टक्के मिथिलीन ब्लू: मेलेल्या पेशी निळ्या, जिवंत रंगहीन. रंग तीव्र घेतला किंवा स्लाइड फार वेळ ठेवली तर हा फरक पुसला जातो.

जीव मंदावण्यासाठी ३ टक्के मिथाइल सेल्युलोज, नमुन्याच्या पाण्याइतकंच. गंमत अशी की त्याची भुकटी गरम पाण्यात विरघळत नाही, फक्त नीट पसरते. थंड होताना विरघळते. एक तृतीयांश पाणी गरम घेऊन ढवळावं, उरलेलं थंड घालावं आणि रात्रभर ठेवावं.

स्लाइड सुकू लागली की कव्हरस्लिप खाली बसते आणि जीव चिरडले जातात. दर १०-१५ मिनिटांनी कडेला थेंबभर पाणी द्यावं, पण डिस्टिल्ड. तळ्याचंच पाणी देत राहिलं तर क्षार साठत जातात आणि पॅरामेशियमची आकुंचनशील रिक्तिका (पेशीतलं जास्तीचं पाणी बाहेर टाकणारी पिशवी) संथ होते; जे मोजायचं तेच बदलतं. तासाभरापेक्षा जास्त बघायचं असेल तर कडा व्हॅसलिनने बंद कराव्यात. नेलपॉलिश ओल्या काचेला नीट धरत नाही आणि त्यातलं द्रावक जिवंत नमुना मारतं.

पुढची फेरी व्हॅसलिन, लॅनोलिन आणि पॅराफिन समभाग वितळवून केलेल्या लेपाची, १०० एक्स तेलाच्या लेन्सखाली. न बांधलेली कव्हरस्लिप तेलाला चिकटून लेन्सबरोबर फिरते, म्हणून हा लेप पक्का बसायला हवा.