मगावरचा पूल

भाचीने परदेशातल्या कुठल्याशा म्युझियमच्या दुकानातून हा मग आणला. पांढरा, जाड, दोन माणसांचा चहा एकट्याने रिचवणारा. त्याच्या पोटाभोवती तपकिरी रंगात इराणमधल्या इस्फहान शहराचा सी-ओ-से पोल गुंडाळलाय, एका जुन्या फोटोतला. इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या काळात, त्याचा सेनापती अल्लाहवर्दी खान याच्या देखरेखीखाली, १६०२च्या सुमारास बांधून झालेला तेहतीस कमानींचा पूल. मगावर त्यातल्या अकराच मावल्यात. बाकीच्यांना कानाने अडवलंय. जवळजवळ तीनशे मीटरचा पूल, पण उजव्या हाताने मग धरला की आपल्याला चित्राचं एक टोक दिसतं आणि समोरच्याला दुसरं. सगळं चित्र बघायचं तर मग फिरवत बसायचं, आणि तेही चहा संपल्यावर.

बुडाशी बारीक अक्षरांत पुलाचं नाव आहे, मायक्रोवेव्हमध्ये चालतो हे आहे, डिशवॉशरमध्ये चालतो हेही आहे. फोटो कुणी काढला, ते तेवढं नाही. आता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्फहानमध्ये कॅमेरा घेऊन हिंडणारे असे असून असून किती असणार! एक एर्न्स्ट ह्योल्टझर. हा जर्मन गृहस्थ तारखात्यात होता. लंडनहून हिंदुस्थानात येणारी तार इराणमधून यायची, त्या लाइनीवरची ह्याची नोकरी. तिथल्याच आर्मेनियन मुलीशी लग्न करून इस्फहानात राहिला आणि नोकरी सांभाळून गावाचे फोटो काढत बसला. मुंबईच्या पेढ्यांवर कापसाचे भाव येत होते, त्या तारेच्या खांबांजवळून हा माणूस तिवई खांद्यावर टाकून जात असेल, असं मला उगाचच वाटत राहतं.

दुसरा अंतोन सेव्रुगिन. तेहरानमध्ये जन्मला, तिथेच स्टुडिओ थाटला. त्याचे फोटो लोकांनी आपापल्या प्रवासवर्णनांत बिनदिक्कत छापले, पुष्कळदा नावही न देता. म्हणजे मगवाल्यांनी जुनीच रीत पाळली म्हणायची. १९०८मध्ये तेहरानात राज्यघटनेवरून धुमश्चक्री झाली, तेव्हा त्याच्या सात हजारांवर काचांपैकी (त्या काळी निगेटिव्ह काचेवर असायची) दोनेक हजारच वाचल्या. मला मगाचा खरा राग येतो तो इथे. ज्या काचा जपताना माणसाचा जीव मेटाकुटीला आला, त्यांच्यावरचं चित्र आता खुशाल भांडी घासायच्या यंत्रात फिरवा म्हणतात.

चित्र मात्र जवळून बघण्यासारखं आहे. पुलावर दोनतीन माणसं उभी आहेत आणि एक जण चालता चालता पुसट होऊन गेलाय. त्या काळच्या काचेला हलणारी माणसं नीट पकडता येत नसत. पाणीही तसंच, लाटा नाहीत, तरंग नाहीत, नुसती साय धरलेल्या दुधासारखी पांढरी चादर. कमानींच्या पायाशी ते पसरलंय आणि त्यात कमानी उलट्या उतरल्यात.

हे पाणीच आता तिथे नसतं. नदीचं नाव झायंदेरूद. गेली वीसेक वर्षं ती इस्फहानात वर्षातला बराच काळ कोरडी असते. पावसाने दगा दिला, धरणं झाली, शेती आणि कारखाने वाढले, आणि नळ टाकून पाणी यझ्द शहराकडेही नेलं. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी चिडून ती पाइपलाइन फोडल्याच्या बातम्या येऊन गेल्या. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये हजारो लोक थेट कोरड्या पात्रात जाऊन बसले, पाणी सोडा म्हणून. आणि धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव काठावर लोटतं. पाणी यायच्या आधी पोरं पात्रात उतरून वाट बघतात, पुलाखाली कुणीतरी गाणं धरतं. आपल्याकडे पहिल्या पावसात घाटात गर्दी होते, पण आपल्याला निदान दरवर्षी ठाऊक असतं, येणार म्हणून.

यझ्द म्हटलं की मला आपले इराणी आठवतात. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांचे कित्येक मालक मुळात यझ्द आणि आसपासच्या खेड्यांतले. इथे येऊन त्यांनी दुधाचा दाट चहा आणि बनमस्का गल्ल्यासमोर मांडला, आणि आपण त्यालाच इराणी चहा म्हणू लागलो. तिकडे मात्र चहात दूध घालत नाहीत. कोरा, लालभडक चहा, कंबर बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यात, आणि साखरेचा खडा दातांत धरून. सी-ओ-से पोलाच्या कमानींखाली असं एक चहाचं दुकान होतं, नदीला पाय लावून बसल्यासारखं. तेही बंद पडलं.

तेव्हा सी-ओ-से पोल छापलेल्या मगात आलं किसून, दूध ओतून, वाफाळता चहा घेणं हा इस्फहानी माणसाच्या दृष्टीने अधर्मच. भाचीला हे ऐकवलं, तर ती म्हणाली, "मामा, मग तू त्यात पेनं ठेव." पेनं ठेवायला माझ्याकडे आधीच एक फुटक्या कानाचा मग आहे. हा चहाचाच राहील. एखादा इस्फहानी पाहुणा चुकून घरी आलाच, तर मग मागे सारून काचेचा पेला काढीन. साखरेचे खडे घरात नाहीत, पण देवळातून आलेली खडीसाखर डब्यात असते, आणि ती तर तिकडेही चहात घालतात.