हळद कपाळाला, पिवळे हात कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण यंदा आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या प्रत्येक हळदीकुंकवात हेच झालं. वाण घ्यायला हात पुढे केला की कुणीतरी दचकायचंच. "काकू, कावीळ झालीये का?"

कावीळ नाही हो, गाजरं! दिवाळीपासून रोज सकाळी मोठा पेलाभर गाजराचा रस, आणि एक दिवसाआड लाल भोपळ्याची भाजी. डॉक्टरांनी आधी माझी खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पांढरेशुभ्र. काविळीत तेच आधी पिवळे दिसतात, गाजराने मात्र होत नाहीत.

कच्च्या गाजरातलं कॅरोटीन, म्हणजे त्याला केशरी करणारं रंगद्रव्य, पेशींच्या भिंतींआड कोंडलेलं असतं. नुसतं चावून त्यातलं थोडंच सुटतं. शिजवलं, किसलं, रस काढला की बरंच. पण ते पाण्यात विरघळत नाही, त्याला तेल-तूप लागतं. स्निग्ध पदार्थाबरोबर ते पित्तात मिसळलं, तरच लहान आतड्यातून नीट आत शिरतं. माझा रस पोह्यांबरोबर व्हायचा, आणि इंदूरचे पोहे म्हणजे वर मूठभर शेव. स्निग्धाची सोय आपोआप!

आतड्यातच त्यातल्या काहीचं अ जीवनसत्त्व होतं. शरीराला ते पुरेसं असलं की हे काम मंदावतं, म्हणून गाजरं खाऊन अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. न बदललेलं कॅरोटीन रक्तात उतरतं आणि यकृतात, चरबीत जाऊन बसतं. तळहात-तळपायांची कातडी जाड, तिथे रंग आधी दिसतो.

आमच्याकडे तुपाच्या दोन बरण्या शेजारी शेजारी असतात. गायीचं पिवळं, म्हशीचं पांढरं. म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते; गाय बरंचसं तसंच दुधात सोडते. मी अर्थातच गायीच्या गोतावळ्यातली.

रथसप्तमीला रस बंद केला. वाटलं, आठ दिवसांत हात पहिल्यासारखे होतील. कसले होतात! चरबीत मुरलेला रंग उतरायला आठवडे लागतात, कधी महिनेही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, बघायला गेले, तेव्हाही तळहात पिवळसरच होते. त्या दिवशी मात्र कुणी काही विचारलं नाही.