साइन ५० एक्स आणि सरांचा गृहपाठ

आमची बारावी सायन्सची १९९४ ची बॅच. स्मरणिकेत लिही म्हटल्यावर बाकीचे सगळे गॅदरिंग, सहल आणि मधल्या सुट्टीतल्या भेळेवर लिहिणार हे माहितीच होतं, म्हणून मी आपली ट्रिग्नॉमेट्रीवर लिहितेय, हसायचं त्यांनी हसून घ्या. सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं कौतुक छापू नका असं त्यांनीच बजावलंय, पण मॅथ्सचे सर म्हटलं की आपल्या शाळेत दुसरं कोणी डोळ्यासमोर येतं का?

तेव्हा कॅल्क्युलेटर ही दुकानदाराच्या गल्ल्यावरची वस्तू. बोर्डाला तो चालायचा नाही, लॉग टेबल चालायचं. सर त्यातल्या नॅचरल साइनच्या पानावरनं १५-१५ अंशांच्या किमती उतरवून घ्यायला लावायचे, ०.२५८८, ०.५, ०.७०७१, ०.८६६०, ०.९६५९, १, मग ग्राफ पेपरवर ठिपके द्यायचे आणि पट्टी न लावता हातानं जोडायचे. माझा कर्व्ह शेंड्याला टोकदार व्हायचा, कौलारू घरासारखा. सर म्हणायचे, "अगं, वर पोचल्यावर ती जरा दम खाते की नाही? मग उतरते." अजूनही साइनचा ग्राफ दिसला की मला कोणीतरी घाट चढून रसवंतीवर टेकलंय असंच वाटतं.

एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, साइन एक्स बरोबर एक्स भागिले १०, उत्तरं किती? आम्ही लगेच एन पाय (π) अधिक मायनस वनचा एनवा घात वगैरे सुरू केलं, जनरल सोल्युशन पाठ होतं ना, पण ते इथं लागूच होईना कारण एक्स साइनच्या आतही आणि बाहेरही. सरांनी खडूनं लाटा काढल्या, त्यातनं एक तिरकी रेघ मारली आणि म्हणाले, "एक्स १० च्या पुढं गेला की रेघ १ च्या वर जाते, साइन काही १ च्या वर जात नाही, मग तिकडं बघायचंच कशाला?" उजवीकडं तीन, डावीकडं तीन, मध्ये शून्य, एकूण ७. मी विचारलं, पण सर, एक्स म्हणजे नक्की किती? "ते मागाहून. आधी किती आहेत ते तर कळू दे."

मागाहून म्हणजे पंचवीस वर्षांनी. आम्ही न्यू जर्सीत, लेक हायस्कूलला प्रीकॅल्क्युलस करत होती, शेजारच्या मुलाचा जुना टीआय-८४ प्लस, म्हणजे ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर, तिला मिळालेला. (असा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओनं १९८५ सालीच आणला होता म्हणे, तेव्हा मी तिसरीत पाढे म्हणत होते.) इथं परीक्षेलाही तो चालतो, एपी कॅल्क्युलसच्या (हायस्कूलमध्येच देतात ती कॉलेजच्या पातळीची परीक्षा) तर काही भागात तो लागतोच, हे ऐकून पहिल्यांदा मला जरा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

तर मी सरांचं गणित त्यात घातलं. वाय वनमध्ये साइन एक्स, वाय टूमध्ये एक्स भागिले १०, ग्राफ दाबलं, तर साइन गायब, अक्षावर चिकटलेली सपाट रेघ. लेक म्हणाली, आई, डिग्री मोडमध्ये आहे तो. बरोबर, त्याच्या दृष्टीनं एक्स १० म्हणजे १० अंश, तिथं साइन जेमतेम ०.१७. रेडियन केलं (कोन मोजायचं दुसरं माप, १८० अंश म्हणजे पाय रेडियन) आणि झूममधनं झेड-ट्रिग, म्हणजे ट्रिग्नॉमेट्रीच्या ग्राफसाठीची तयार विंडो, निवडलं, छान लाटा आल्या, पण रेघ फक्त ३ ठिकाणी कापतेय! लेक म्हणाली ३ च उत्तरं. मी म्हटलं ७. दोघी हट्टी. मग लक्षात आलं, ती विंडो ६.१५ लाच संपते, दोन पायच्या किंचित अलीकडं. एक्स मायनस १२ ते १२ केला आणि उरलेली चारही दिसली. मग सेकंड, ट्रेस आणि छेदबिंदू काढणारं इंटरसेक्ट दाबलं, पहिला कर्व्ह कुठला, दुसरा कुठला विचारतं, आणि शेवटी चक्क "गेस?" म्हणून आपल्यालाच अंदाज विचारतं. २.८५, ७.०७, ८.४२. पंचवीस वर्षांचं उधार एका मिनिटात फिटलं.

पण खरी मजा नंतर. लेक परत झेड-ट्रिग लावून साइनच्या आतला, एक्सच्या आधीचा आकडा वाढवत बसली होती, २, ३, ५, लाटा दाटत गेल्या, मग तिनं एकदम ५० टाकलं आणि ओरडली, हा बिघडलाय! स्क्रीनवर शांतपणे साइन २ एक्सचाच ग्राफ. मला काही सुचेना, रविवारी सरांना फोन लावला (वय ८० च्या पुढं, कानाला मशीन, डोकं मात्र तसंच). त्यांनी विचारलं, "ठिपके किती अंतरावर देतो तो?" मी मॅन्युअल बघून सांगितलं, झेड-ट्रिगमध्ये आडवे ९५ ठिपके, दोन ठिपक्यांत पाय भागिले २४. पलीकडं शांत. मला वाटलं लाइन कट झाली.

"मग ५० मधले ४८ प्रत्येक ठिपक्याला पूर्ण दोन पाय, म्हणजे अख्खी एक फेरी, फिरून जागेवरच येतात की गं. उरले २. तू १५-१५ अंशांवर ठिपके देत होतीस तसंच करतोय तो बिचारा, मधलं त्याला दिसतच नाही. ४८ टाक, रेघ येईल."

टाकलं. सपाट रेघ, आणि यावेळी मोड रेडियनच होता.

"आता ४७ ला काय येईल ते न टाकता सांग," म्हणाले आणि फोन ठेवला.

सर, उलटा येतो. डोंगर तिथं दरी. टाकून बघितला नाही, शप्पथ.