तुम्ही विचारलंत म्हणून: स्पीकर नेमके ठेवायचे कुठे?

घरी येऊन गाणी ऐकून गेलेले लोक नंतर फोनवर हमखास विचारतात, आमच्या हॉलमध्ये स्पीकर कुठे ठेवू? म्हणून एकदा नीट लिहितोय. माझं ठाम मत आहे की नवीन अँप्लिफायर घ्यायच्या आधी स्पीकर आणि खुर्ची हलवून बघावी, फुकटात जो फरक पडतो तो पैसे टाकूनही पडत नाही.

सगळ्यात आधी ते शोकेसमधून बाहेर काढा. कप्प्यात कप्पाच घुमतो आणि गाणारा नाकात गातोय असं वाटतं. स्टँडवर ठेवा, तुम्ही बसल्यावर ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा गोल, कानाच्या उंचीला यायला हवा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच प्रत्येकापासून तुमच्यापर्यंत, आपल्या हॉलमध्ये 6-7 फूट पुरे, आणि तोंडं थोडी तुमच्याकडे वळवा.

खरा खेळ भिंतीचा. बेस चहूकडे पसरतो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि स्पीकर कोपऱ्यात असेल तर तो इतका फुगतो की डग्ग्याची मींड ऐकूच येत नाही, तळव्याने पुडी दाबत नेलेला तो घुमारा जाऊन नुसतं ढुम ढुम उरतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वाजवणाऱ्याने सगळा जीव तिथेच ओतलेला असतो. पुढे ओढा. पण 2 फुटांवर ठेवलात तर परत येणारी लाट साधारण 140 हर्ट्झला (सेकंदाला 140 कंपनं) मूळ आवाजाला खाते, म्हणून थोडं थोडं सरकवत ऐकायचं, आणि बाजूच्या भिंतीचं अंतर मागच्याएवढंच ठेवायचं नाही, नाहीतर दोन्ही भिंती एकच सूर खातात आणि दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात.

सोफा भिंतीला टेकलेला असतो ना, तिथे बेस जास्तच येतो. आणि बरोब्बर मध्यावर बसलात तर उलटं, 12 फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर जवळजवळ गायब. भिंत आणि मध्य यांच्या अधेमधे बसा.

बाजूच्या भिंतीवर कुणालातरी आरसा धरून सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला की तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. टाइल्सवर समोर सतरंजी टाका.

मग पन्नासच्या दशकातलं एखादं भावगीत लावा. मोनो रेकॉर्डिंग, दोन्हीकडून तोच आवाज, म्हणजे गळा बरोब्बर मधोमध हवेत उभा राहायला हवा. एका बाजूला झुकला तर अंतर टेपने मोजा. गळ्याला जागाच सापडत नसेल आणि बेसही गेला असेल तर मागच्या लाल-काळ्या वायरी बघा, एका स्पीकरला उलट लागल्या असणार.